ट्रॅकवर चालवायच्या स्पोर्ट्‌स कारचे व्हील अलाइनमेंट नाशिकमध्ये कसे करून घ्यावे?

धागाकर्ता : गोदाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१८ सालची पोर्शे ७१८ केमन आहे. ती मी दोन वर्षांपूर्वी जुनी विकत घेतली आणि गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदाच ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर नेली. द्वारका चौकातून आग्रा रोड धरला की धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करत आग्रा गाठायचे आणि तिथून यमुना एक्स्प्रेसवेने जवळजवळ सर्किटच्या दारातच उतरायचे, असा सोपा रस्ता असल्याने गाडी ट्रेलरवर न चढवता मी चालवतच नेली आणि चालवतच आणली.

ट्रॅकवरच्या त्या एका दिवसाने डावा पुढचा टायर पार खाल्ला. बाहेरच्या खांद्यावर रबराच्या वळ्या निघाल्या होत्या आणि काही ठिकाणी नक्षीच उरली नव्हती. आतल्या बाजूची नक्षी मात्र दुकानातून आणल्यासारखी कोरी होती. शिवाय लांब वळणात स्टीअरिंग कितीही वळवले तरी गाडीचे नाक बाहेरच जात राहायचे.

नाशिकला परतल्यावर थ्रीडी मशीन असलेल्या एका दुकानात अलाइनमेंट करून घेतले. कागदावर पुढचा डावा कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे माथा आत झुकलेला) उणे ०°२०' (म्हणजे २० मिनिटे; साठ मिनिटांचा एक अंश), उजवा उणे ०°४०', आणि टो (वरून पाहता चाके पुढच्या बाजूला आत वळलेली असली तर टो-इन, बाहेर असली तर टो-आउट) दोन्हीकडे किंचित आत असे आकडे आले. सगळे आकडे हिरवे होते. मी शंका काढली तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मशीनवर हिरवं आलं म्हणजे झालं. आता याच्या पुढे काय करणार?" त्याचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून हा धागा काढला आहे. पुढच्या खेपेआधी नेमके काय सांगून काय करून घ्यावे?

प्रतिसाद : मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

सोपे आहे. पुढे उणे ३ कॅम्बर, टो-आउट १० मिनिटे, मागे उणे अडीच. परदेशातले सगळे ट्रॅकवाले हेच ठेवतात. गाडी चाकूसारखी वळेल.

प्रतिसाद : कसारा_घाट

तर्रीसाहेब, चाकूसारखी वळेल हे खरे, पण ग्वाल्हेरच्या अलीकडच्या शिवपुरीपर्यंत पोहोचता पोहोचता पुढच्या टायरची आतली कड तारेपर्यंत झिजलेली असेल, हेही तितकेच खरे. आकडे उसने घेण्याआधी ते कुठून येतात ते पाहू.

केमनला चारही चाकांवर मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला, चाकाला धरणारा उभा खांब) आहे. या रचनेत गाडी वळणात कलते तेव्हा बाहेरच्या चाकाला पुरेसा उणे कॅम्बर मिळत नाही; गाडीचा सांगाडा जितका कलतो त्या मानाने चाक आत झुकत नाही, आणि परिणामी रस्त्याच्या संदर्भात ते वरून बाहेर पडते. मग टायर आपल्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि आतला अर्धा भाग नुसता पाहुणा म्हणून बसून असतो. उभ्या गाडीत आधीच चाकाचा माथा आत झुकवून ठेवायचा, तो यासाठी. बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे असून गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, त्यामुळे उजवीकडची वळणे जास्त आणि भार डाव्या चाकांवर जास्त. त्यातही दहाव्या-अकराव्या वळणाचा तो लांबलचक, चढा उजवा फेर डाव्या पुढच्या टायरला इतका वेळ दाबून धरतो की उणे ०°२०' वर त्याने जीव सोडावा यात नवल काहीच नाही. आपल्या त्या चाकाला नेमका सर्वांत कमी कॅम्बर मिळालेला आहे.

आता दुसरी बाजू. कॅम्बर वाढवत नेला तर सरळ रस्त्यावर आणि ब्रेक लावताना टायरची आतली पट्टीच जमिनीला टेकते. बुद्धवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या शेवटी गाडीचा सगळा वेग ब्रेकवर उतरवायचा असतो. तिथे आपल्याला पूर्ण टायर हवा असतो. कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव) वाढवता आला तर तो यातला मधला मार्ग आहे, कारण कॅस्टरमुळे स्टीअरिंग वळवल्यावरच बाहेरच्या चाकाला जास्तीचा उणे कॅम्बर मिळतो आणि सरळ जाताना तो आड येत नाही; पण या गाडीत त्याला फारशी जागा नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

टायर खाण्याचे पाप बहुतेक वेळा कॅम्बरच्या माथी मारले जाते, पण ते करतो टो. चाक सरळ गुंडाळले जात असेल तर दोन अंश कॅम्बर रस्त्यावरही बराच काळ चालून जातो. चाक तिरपे धरून हजाराहून जास्त किलोमीटर फरपटत नेले तर मात्र कुठलाही टायर टिकत नाही, आणि कॅम्बर असल्यामुळे ती सगळी फरपट आतल्या कडेवर होते. म्हणून चालवत जाणाऱ्याने पुढे टो शून्य ठेवावा. मागे मात्र थोडा टो-इन हवाच. मागची चाके बाहेर उघडलेली असतील तर ब्रेक लावताच किंवा वळणात पाय उचलताच शेपटी सुटते, आणि मध्यभागी इंजिन असलेली गाडी एकदा फिरू लागली की सावरायला फार वेळ देत नाही.

हिरव्या रंगाबद्दल एकच सांगतो. ती पट्टी कंपनीने रस्त्यासाठी दिलेली सहनमर्यादा आहे. पट्टीच्या आत डावे चाक एका टोकाला आणि उजवे दुसऱ्या टोकाला असले तरी मशीन दोन्ही हिरवेच दाखवणार. आपल्याला हिरवे नको आहे, आकडा हवा आहे, आणि तो दोन्हीकडे सारखा हवा आहे.

प्रतिसाद : गोदाकाठ

मनःपूर्वक आभार. एक गोष्ट लिहायची राहिली. त्या दिवशी एका सहभागी मित्राकडे सुईचा पायरोमीटर (रबरात सुई खुपसून तापमान मोजणारे यंत्र) होता. सत्र संपवून आत आल्याबरोबर त्याने डाव्या पुढच्या टायरचे तापमान घेतले : बाहेर ९४, मध्ये ८६, आत ७७ अंश सेल्सिअस. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

प्रतिसाद : कसारा_घाट

अर्थ स्पष्ट आहे. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा पाच-सात अंशांनी गरम असायला हवी, कारण सरळ पट्ट्यांवर तीच जमिनीला घासत असते. आपल्याकडे ती सतरा अंशांनी थंड आहे. सुईचा पायरोमीटर वापरला हे उत्तम झाले. इन्फ्रारेडची बंदूक फक्त वरची कातडी मोजते, आणि ती तर पिटमध्ये येईपर्यंतच निवते.

ज्यांच्याकडे हेही नाही त्यांनी टायरच्या खांद्यावरून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूची जाड रेघ ओढावी आणि चार लॅपनंतर ती कुठपर्यंत पुसली गेली ते पाहावे. रेघ पार भिंतीवर पुसली असेल तर कॅम्बर किंवा हवा कमी आहे.

हवेचेही सांगून ठेवतो. हिवाळ्यात नोएडाला सकाळी पंधरा अंशांत २८ पीएसआय भरलेला टायर आतून ८० अंशांवर गेला की हिशेबाने ३७ च्या पुढे जातो. म्हणून हवा गरम टायरवर जुळवायची असते, थंडवर नव्हे. हवेचा दाब चुकलेला असताना घेतलेल्या तापमानावरून कॅम्बर ठरवणे म्हणजे ताप असताना वजन करून पथ्य ठरवण्यासारखे आहे.

प्रतिसाद : सातपूरचा_निवृत्त_टर्नर

मला स्पोर्ट्‌स कारमधले काही कळत नाही. सातपूरच्या एमआयडीसीत तेहेतीस वर्षे मोजमापाचे काम केले, त्या अधिकाराने दोन शब्द लिहितो.

पहिला प्रश्न मशीनला नव्हे, रॅम्पला विचारा. डाव्या-उजव्यात २० मिनिटांचा फरक गाडीचाच आहे कशावरून? मशीनचे कॅलिब्रेशन झाल्यानंतर रॅम्पची एक बाजू ४ मिलिमीटर जरी खचली, तरी सुमारे १६०० मिलिमीटर रुंदीवर गाडी साडेआठ मिनिटांनी कलते. ती चूक एका चाकात मिळवली जाते आणि दुसऱ्यातून वजा होते, म्हणजे कागदावर सतरा मिनिटांचा फरक आयता तयार. दुकानदाराची परवानगी घेऊन गवंड्याची लेव्हल पाईप लावून बघा. दहा मिनिटांचे काम आहे आणि पाण्याची नळी कोणाची भीड ठेवत नाही.

दुसरे म्हणजे अंशाचे आणि दशांशाचे घोळ. १°२०' म्हणजे १.२० अंश नव्हे, १.३३ अंश होतात. तोंडी सांगताना "एक-वीस" म्हटले की ऐकणारा त्याच्या मशीनवर जे एकक लावलेले असेल त्यात ते घेतो. टोच्या बाबतीत तर कोणी मिलिमीटरमध्ये बोलतो, कोणी मिनिटांत, कोणी एका चाकाचे सांगतो, कोणी दोन्हींची बेरीज. अठरा इंची रिमवर १ मिलिमीटर म्हणजे साधारण साडेसात मिनिटे होतात. आपले आकडे एकक लिहून कागदावर द्या, तोंडी देऊ नका.

तिसरे म्हणजे घरी पडताळा घ्यायला शिका. सपाट शहाबादी फरशीवर गाडी उभी करा. चाकाच्या वरच्या कडेपासून ओळंबा सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या काठापासून दोरीचे अंतर स्टीलच्या पट्टीने घ्या. मोजायच्या दोन बिंदूंमध्ये ४६० मिलिमीटर अंतर असेल तर दर अंशाला ८ मिलिमीटर फरक येतो. म्हणजे अर्धा मिलिमीटर वाचू शकणाऱ्या माणसाला चार मिनिटांपर्यंतचा कॅम्बर बिनपैशात कळतो. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना मासे पकडायची नायलॉन दोरी, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, गाडीच्या मध्यरेषेला समांतर ताणायची आणि प्रत्येक रिमच्या पुढच्या व मागच्या काठापासून तिचे अंतर मोजायचे. पुढची आणि मागची चाके आपापसांत सारख्या रुंदीवर नसतात, म्हणून दोऱ्या चाकांना टेकवून समांतर होत नाहीत. पुढच्या हबपासून दोन्हीकडे सारखे आणि मागच्या हबपासून दोन्हीकडे सारखे अंतर राहील असे जुळवावे लागते. इथेच बहुतेकांचा संयम संपतो.

प्रतिसाद : पाथर्डी_फाटा

काकांचा प्रतिसाद छापून गॅरेजच्या भिंतीवर लावावा असा आहे. माझी थोडी वेगळी शंका. या गाडीत पुढचा कॅम्बर मुळात किती वाढतो? स्ट्रटच्या वरच्या माउंटच्या भोकांमध्ये जेवढी खाच आहे तेवढाच ना?

प्रतिसाद : कसारा_घाट

बरोबर. तीन नट सैल करून माउंट आत सरकवायचा, खाच संपली की संपले. त्यापुढे जायचे तर खालचा कंट्रोल आर्म दोन तुकड्यांचा, मध्ये शिम (लांबी वाढवणारी पातळ चकती) घालता येणारा बसवावा लागतो. शिम घातली की चाक खालून बाहेर जाते, कॅम्बर वाढतो, पण टोही हलतो. माझे मत असे, की पहिल्या दोन-तीन ट्रॅक दिवसांसाठी खाच वापरून मिळेल तेवढे दोन्हीकडे समान घ्यावे. आर्मचा खर्च त्यानंतरही करता येतो.

दुकानात जाण्यापूर्वी बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची (स्टीअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या, टो जुळवायच्या दांड्याची) टोके तपासून घ्या. पावसाळ्यानंतर आपल्या रस्त्यांवरून फिरलेल्या गाडीत यातले एखादे ढिले असणे सहज शक्य आहे, आणि ढिल्या सांध्यावर केलेले अलाइनमेंट दुकानाच्या फाटकापर्यंतच टिकते.

प्रतिसाद : गोदाकाठ

काल काम झाले, त्याचा वृत्तांत देतो. दुकान दुसरे निवडले. मालकाला आधी फोन करून सांगितले की तीन तास लागतील, मी तीन तासांचे पैसे देईन आणि आकडे मी लिहून आणीन. यावर नकार देणारे दोघे भेटले, हा तिसरा.

गाडी खाली असल्याने रॅम्पच्या तोंडाशी दोन सागवानी फळ्या टाकाव्या लागल्या. लेव्हल पाईप पाहून मालक आधी हसला, मग स्वतःच दुसरे टोक धरून उभा राहिला. फरक दीड मिलिमीटर निघाला, तो आम्ही सोडून दिला. खरी गडबड वेगळीच होती : मागच्या चाकांखालच्या सरकत्या पट्ट्या मातीने जाम झाल्या होत्या. त्या सरकत नसतील तर टायर जागीच पीळ धरून राहतो आणि बोल्ट फिरवला तरी आकडा खरा दाखवत नाही. रॉकेलने धुऊन, पुसून त्या मोकळ्या केल्या.

टाकी अर्धी भरून नेली होती. माझे वजन ७२ किलो, आणि तीन तास सीटवर मी स्वतः बसणार नव्हतो, म्हणून चादर अंथरून पन्नास किलोंची कांद्याची गोणी आणि वीस लिटरचा पाण्याचा जार असे सीटवर ठेवले आणि बेल्ट लावला. ऑपरेटर पोरगा म्हणाला, "काका, यांचं लायसन आहे का?" एवढा विनोद सोडला तर त्याने काम अतिशय मन लावून केले. वजन चढवताच डाव्या-उजव्या कॅम्बरचे आकडे काही मिनिटांनी हललेले त्यानेच मला दाखवले.

क्रम असा ठेवला : हवा, मग गाडी पुढे-मागे ढकलून रिमच्या वाकडेपणाची भरपाई, मग दोन्ही टोकांवर दाबून सस्पेन्शन बसवणे, त्यानंतर मागचा कॅम्बर, मागचा टो, पुढचा कॅम्बर आणि सर्वांत शेवटी पुढचा टो. मागचे आधी करण्याचे कारण पोराला ठाऊक होते : मागची चाके गाडीला जी दिशा देतात तीच सरळ रेषा धरून पुढची जुळवायची असतात. पुढचे माउंट पूर्ण आत ढकलल्यावर डावा उणे १°२५' वर थांबला आणि उजवा १°२०' वर. मी डावा पाच मिनिटे मागे घ्यायला लावला. मागे दोन्हीकडे उणे १°४०' आणि प्रत्येकी १०' टो-इन. पुढे टो शून्य. पडद्यावर पुढचे दोन्ही कॅम्बर लाल झाले होते आणि पोरगा ते छापायला कचरत होता. मालक म्हणाला, "छाप, साहेबांनी लाल रंगाचेच पैसे दिलेत."

लॉकनट आवळताना टाय रॉड थोडा फिरतो, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा वाचन घेतले, तेव्हा उजवीकडे ४ मिनिटे सरकलेली दिसली आणि ती दुरुस्त केली. शेवटी स्टीअरिंगच्या कोनाच्या सेन्सरला स्कॅनर लावून नवे शून्य दिले; ते न केल्यास स्थिरतेची यंत्रणा सरळ गाडीलाही वळणारी समजू शकते.

प्रतिसाद : मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

माझे उणे ३ मी सन्मानाने मागे घेतो. पण टो-आउटबद्दल आग्रह कायम आहे. ट्रॅकवर पोहोचल्यावर टो-आउट आणि परतताना पुन्हा शून्य, असे करता येणार नाही का?

प्रतिसाद : सातपूरचा_निवृत्त_टर्नर

येईल. टाय रॉडच्या चुड्यांचा पिच दीड मिलिमीटर असेल तर षटकोनाची एक बाजू फिरवल्यावर पाव मिलिमीटर लांबी बदलते. स्टीअरिंग आर्म १३० मिलिमीटरचा धरला तर त्या चाकाचा टो सहा-सात मिनिटांनी बदलतो. पण माझे गृहीत धरू नका, मशीनवर असतानाच एक बाजू फिरवून किती फरक येतो ते लिहून घ्या आणि रॉडवर पांढऱ्या रंगाची खूण करा. मग पिटमध्ये फक्त दोन पान्हे लागतील. दोन्हीकडे सारखे फिरवायचे, नाहीतर स्टीअरिंग वाकडे होईल.

प्रतिसाद : जेलरोडची_स्विफ्ट

माझ्याकडे साधी स्विफ्ट आहे. तिच्या मागच्या चाकांचेही असे करून मिळेल का? दुकानदार दर वेळी "फोर व्हील अलाइनमेंट"चे पैसे घेतो.

प्रतिसाद : कसारा_घाट

स्विफ्टला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई) आहे, त्यात फिरवायला बोल्टच नाही. मागचे वाचन घेणे योग्यच आहे, कारण बीम वाकला असेल तर तिथेच कळते आणि पुढची चाके त्या संदर्भाने जुळवता येतात. "मागचे जुळवले" असे मात्र कोणी सांगितले तर कोणता बोल्ट फिरवला तो दाखवायला सांगा. आणि जुळवलेली गाडी तपासायला कोणीही कसारा घाटात जाऊ नये. माझ्या नावावर जाऊ नका, मी तिथून चाळीसच्या वेगाने ट्रकमागून उतरतो.

प्रतिसाद : गोदाकाठ

ट्रॅकचा दुसरा दिवस झाला. टो-आउटचा प्रयोग केला नाही, मुद्दाम एका वेळी एकच बदल ठेवला. पुन्हा तोच पायरोमीटर, तेच चाक : बाहेर ८९, मध्ये ८५, आत ८३. म्हणजे सतरा अंशांची दरी सहा अंशांवर आली, पण आतली कड अजूनही थंडच आहे. त्या लांब उजव्या फेरात नाक आता लवकर आत येते. फेराच्या उत्तरार्धात पुन्हा थोडे बाहेर जाते. खांद्यावर वळ्या निघाल्या नाहीत. जाऊन-येऊन प्रवास झाल्यावर आतल्या कडेला बोट फिरवून पाहिले, करवतीसारखे दाते लागले नाहीत.

घरी आल्यावर काकांच्या पद्धतीने ओळंबा लावला. डावीकडे साडेदहा मिलिमीटर, उजवीकडे दहा; कागदावरच्या १°२०' ला साधारण १०.७ यायला हवे होते. उजवीकडचे अर्ध्याहून जास्त मिलिमीटर माझ्या डोळ्याचे की धुळ्याच्या अलीकडे बसलेल्या त्या खड्ड्याचे, हे मशीनवर घेतल्याशिवाय सांगता येणार नाही.

प्रतिसाद : सातपूरचा_निवृत्त_टर्नर

गाडी फरशीवर उलटी तोंड करून उभी करा आणि पुन्हा मोजा. फरक डावीकडे गेला तर फरशीचा, उजवीकडेच राहिला तर खड्ड्याचा.

प्रतिसाद : गोदाकाठ

उलटी उभी केली. डावीकडे साडेदहा, उजवीकडे दहा. शनिवारी पुन्हा रॅम्पवर जातो आहे.